आज कितीवर घ्यायलाव?

२०२४च्या नोव्हेंबरात, दिवाळी उलटून गेल्यावरही, मी चुडाव्यालाच होतो. पूर्णा जंक्शन सोडून नांदेडकडे निघालं की लागणारं हे आमचं स्टेशन, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. घरोघरी सोयाबीन पडून होतं. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, पण तो मिळवायचा तर दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, आणि माल ओला होता. महिन्याच्या मध्यावर बातमी आली की केंद्र सरकारनं १५ टक्क्यांपर्यंतचा माल घ्यायला परवानगी दिली. शेजारचे आबा पेपर घेऊन आमच्या ओसरीवर आले. बातमी दोनदा वाचली, आणि ट्रॅक्टर जोडायच्या आधी खरेदी केंद्रावर फोन लावला. "पेपरात पंधरा आलंय ते मी वाचलं बापू. तुम्ही आज कितीवर घ्यायलाव ते सांगा."

मी बाजूलाच लॅपटॉप उघडून बसलो होतो. वीस वर्षं मी संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळतोय. माझ्या कामातला सगळ्यात कळीचा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता.

मेलच्या दारावर एक गाळणी बसलेली असते. येणारं प्रत्येक पत्र ती वाचते आणि त्याला गुण देते. पाठवणाऱ्याचा पत्ता काळ्या यादीत असेल तर इतके, मजकुरात लॉटरीची भाषा असेल तर इतके, सही जुळत असेल तर उलट इतके वजा. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की पत्र स्पॅम. स्पॅमअ‍ॅसॅसिन या गाळणीत हा आकडा मुळात ५ असतो. आरस्पॅमडी नावाच्या नव्या गाळणीत ४ गुणांना पत्राला थोडं थांबवतात, ६ ला त्यावर शिक्का मारतात आणि १५ ला दारातूनच परत पाठवतात. ओलाव्याचे टक्के आणि स्पॅमचे गुण, दोन्हीकडे माल तोच राहतो आणि आकडा सरकला की त्याचं नशीब बदलतं.

ही गाळणी पडद्याआड अखंड चालते. अशा प्रोग्रामला आमच्याकडे डीमन म्हणतात. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी हा शब्द उचलला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या १८६७च्या एका कल्पनेवरून. दोन खोल्यांच्या मधल्या दारावर बसलेला एक चिमुकला जीव, वेगवान रेणू एकीकडे आणि मंद रेणू दुसरीकडे सोडणारा. सगळ्या डीमनांमध्ये मॅक्सवेलच्या त्या मूळ जिवाशी सगळ्यात जवळचं नातं मेलच्या गाळणीचं आहे, असं मला नेहमी वाटतं. गावाच्या शिवेवर राखणदार असतो, तसा हा दारावरचा राखणदार.

राखणदाराला हुकूम द्यायचा तो एका फाइलमध्ये लिहून. तो जागा होतो तेव्हा फाइल एकदा वाचतो, पाठ करतो आणि मग बहुतेक वेळा तिच्याकडे पुन्हा बघत नाही. तुम्ही फाइलमधला १२ खोडून १५ लिहिलात तरी त्याच्या डोक्यात १२च असतो. आमच्या धंद्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथे सापडलं आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर माझ्याकडे आला. मराठीत लिहिलेली पत्रं पोचत नाहीत, अशी तक्रार होती. रजेचे अर्ज, पालकांची पत्रं, सेवानिवृत्तांची पेन्शनची चौकशी, सगळं अडकत होतं. कारण पाचच मिनिटांत सापडलं. स्पॅमअ‍ॅसॅसिनला पत्राची भाषा ओळखता येते, आणि कोणत्या भाषा चालतील ते सांगताही येतं. त्या काळी चिनी आणि रशियन स्पॅमचा मारा होता म्हणून कुणीतरी त्या यादीत इंग्रजी आणि हिंदी एवढंच लिहून ठेवलं होतं. मराठी ही 'नको असलेली भाषा' ठरली होती. परभणी-नांदेडच्या पोरांना शिकवणाऱ्या संस्थेच्या दारावर मराठी पत्राला भाषेपायी गुण चढत होते. ती ओळ वाचून मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. ज्यानं लिहिली त्याच्या मनात काही नव्हतं हे मला कळतं. पण तो आकडा वर्षभर माणसांची पत्रं अडवत होता.

मी यादीत मराठीची दोन अक्षरी खूण घातली. फाइल तपासायची आज्ञा चालवली, चूक नाही. स्पॅमअ‍ॅसॅसिनचा डीमन थांबवून पुन्हा सुरू केला. अडकलेलं एक पत्र घेऊन हातानं गाळणीतून काढलं, ते सुखरूप पार झालं. कार्यालयातल्या ताईंना फोन केला, म्हटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी दिवाळीसाठी गावी निघालो.

चौथ्या दिवशी ताईंचाच फोन. "दादा, पत्रं अजून येईनात."

चुडाव्याच्या त्याच ओसरीवर, मोबाइलच्या नेटवर सर्व्हर उघडून मी बसलो. फाइल बरोबर होती. तपासणी पुन्हा स्वच्छ. मी पुन्हा पुन्हा फाइलच वाचत होतो, आणि हाच माझा दोष होता. तासाभरानं मी अडकलेल्या एका पत्राचं शीर्षक उघडलं. मेलच्या माथ्यावर वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या ओळी असतात, त्यात गाळणी आपला निवाडा लिहून ठेवते. मिळालेले गुण ७.१, लागणारे ६.२, आणि लागलेल्या नियमांच्या यादीत तीच 'नको असलेली भाषा'.

६.२ हा आकडा माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हता. माझ्या फाइलमध्ये ५ होता. म्हणजे निवाडा करणारा कुणी दुसराच होता.

तो ॲमाविस होता. ॲमाविस हा मधला माणूस. पोस्टफिक्स हा सर्व्हरचा मुख्य मेल प्रोग्राम पत्र घेतो आणि ॲमाविसच्या हाती देतो, तो विषाणू आणि स्पॅम तपासून परत करतो. पण स्पॅम तपासायला तो स्पॅमअ‍ॅसॅसिनच्या डीमनला हाक मारत नाही. स्पॅमअ‍ॅसॅसिनचं सगळं ज्ञान सुरुवातीलाच स्वतःच्या पोटात घेऊन बसतो. पास-नापासचा आकडाही त्याचा स्वतःचा असतो: ६.२ ला शिक्का, ६.९ ला अडवणूक. मी ज्या डीमनला थांबवून सुरू केलं होतं, त्याच्याकडे त्या सर्व्हरवर एकही पत्र जात नव्हतं. हातानं केलेली चाचणीही खोटी नव्हती, ती फक्त भलत्याच दारावर केली होती. मग चालू प्रक्रियांची यादी काढून ॲमाविस कधी जागा झाला ते पाहिलं. ४७ दिवसांपूर्वी. फाइल मी बदलली होती तीन दिवसांपूर्वी.

फाइल शेवटची कधी बदलली आणि प्रक्रिया कधी सुरू झाली, ह्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की अर्ध्या मिनिटात खरं कळतं. त्या दिवसापासून कुठल्याही सर्व्हरवर मी आधी त्या बघतो आणि मगच फाइल उघडतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा हाती लागली. स्पॅमअ‍ॅसॅसिन अनुभवातून शिकतं, निदान २०० चांगली आणि २०० वाईट पत्रं दाखवल्यावर त्याचं शिकणं निवाड्यात धरलं जातं. आधीच्या कुणीतरी ती मेहनत घेतली होती, पण रूट या मुख्य खात्यातून. ते सगळं रूटच्या वहीत लिहिलं गेलं. ॲमाविस आपल्या नावाच्या खात्यानं चालतो, आपली वही वाचतो, आणि ती कोरी होती. म्हणून चालत्या डीमनची तपासणी करायची तर त्याच्याच खात्यात शिरून करावी लागते. मालक म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मालकासाठी असतं.

वाचकांना वाटेल की डीमनला सरळ विचारायची सोय असेलच. इथेच खरी गोम आहे. पोस्टफिक्सबरोबर पोस्टकॉन्फ नावाची आज्ञा येते. ती सगळी मूल्यं नीट ओळीनं दाखवते, कोणती मुळातली आणि कोणती तुम्ही बदललेली तेही सांगते. उत्तम साधन. पण ती फाइल वाचते, चालत्या डीमनचं मन वाचत नाही. आरस्पॅमडीमध्ये कॉन्फिगडंप आहे, ती दहा ठिकाणी विखुरलेल्या फाइली एकत्र करून शेवटी काय ठरतं ते दाखवते. तीही फाइलींवरूनच. दोन्ही आज्ञा 'आत्ता सुरू केलं तर काय होईल' याचं उत्तर देतात. आबा विचारत होते ते वेगळं होतं.

पोस्टफिक्समध्ये तर याहून चमत्कारिक प्रकार घडतो. त्याचे कामगार अल्पायुषी असतात. १०० कामं झाली, किंवा १०० सेकंद रिकामं बसायला लागलं, की एक कामगार जातो आणि दुसरा जन्मतो. नवा येतो तो ताजी फाइल वाचून. त्यामुळे रीलोड न करता, म्हणजे सगळ्यांना फाइल पुन्हा वाचायचा हुकूम न देता, फाइल बदलली तर काही वेळ जुन्या नियमाचे आणि नव्या नियमाचे कामगार एकाच दारावर शेजारीशेजारी उभे असतात. एकच पत्र एकदा परत जातं आणि पुन्हा पाठवलं की आत येतं. काही बदल मात्र रीलोडनंही लागत नाहीत. कोणत्या जोडणीवर कान द्यायचा, हे बदललं तर पोस्टफिक्स पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं.

माझे एक मामा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. लहानपणी पूर्ण्याच्या यार्डाजवळून जाताना त्यांनी मला सांध्यापाशी बसवलेली पेटी दाखवली होती. लिव्हर ओढला म्हणजे सांधा बदलला, असं रेल्वे धरून चालत नाही. सांध्याची जीभ शेजारच्या रुळाला खरोखर टेकली की नाही, हे ती पेटी तिथेच पाहते आणि उलट कळवते. काही मिलिमीटरची फट राहिली तरी सिग्नल पडत नाही. मध्ये खडीचा खडा अडकलेला असू शकतो, दांडा वाकलेला असू शकतो. हुकूम एका तारेनं जातो आणि खरी स्थिती दुसऱ्या तारेनं परत येते. "गाडी काय लिव्हरवरून जाती का लेकरा, रुळावरून जाती," मामा म्हणाले होते.

ही दुसरी तार आमच्या बऱ्याच डीमनांना नाही. जिथे आहे तिथे मला मनापासून आनंद होतो. आरस्पॅमडीचा कंट्रोलर त्यातला एक. जाळ्यावरून त्याला विचारलं की चालत्या प्रक्रियेतल्या मर्यादा तो सांगतो, आणि तपासलेल्या पत्राच्या निकालात लागणारे गुणही देतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस मेलच्या दुनियेबाहेरचा, पण त्यानं याबाबतीत वस्तुपाठ घालून दिला आहे. प्रत्येक मूल्य आत्ता किती आहे, ते कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवरून आलं, आणि फाइलमध्ये बदललं आहे पण पुन्हा सुरू करेपर्यंत लागणार नाही असं आहे का, तिन्ही गोष्टी तो एका तक्त्यात देतो. मेलची गाळणी लिहिणाऱ्या प्रत्येकानं तो तक्ता एकदा बघावा, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. मूल्यं दाखवताना पासवर्ड झाकायला हवेत हे खरं, पण त्या कारणानं सगळंच झाकू नये.

जिथे डीमन बोलतच नाही, तिथे त्याच्याकडून निवाडा करून घ्यावा आणि निवाड्यावरून मन ओळखावं. गाळण्या तपासायला जीट्यूब नावाची एक ठरावीक अक्षरांची ओळ आहे. ती पत्रात घातली की स्पॅमअ‍ॅसॅसिन थेट १००० गुण देतं. पुष्कळ जण ती पाठवतात, पत्र अडलं की गाळणी ठीक आहे म्हणतात. त्यावरून गाळणी जिवंत आहे एवढंच समजतं. काट्यावर हजार किलो टाकून पाच-सहा किलोतला फरक कळत नसतो. म्हणून मी चाचणीसाठी दोन नियम लिहून ठेवतो, एका खुणेच्या शब्दाला मर्यादेच्या जरासे खालचे गुण, दुसऱ्याला जरासे वरचे. दोन पत्रं बाहेरच्या खात्यातून, खऱ्या दारानं पाठवतो. पहिलं आत आलं, दुसरं अडलं, की आकडा नेमका कुठे आहे ते समजतं. शिवाय एक पत्र मराठीत. त्याचा विषयही मराठीत, कारण देवनागरी विषय काही प्रोग्राम नीट संकेतात न गुंडाळता तसाच पाठवतात आणि त्याचेही गुण चढतात.

त्या दिवाळीत ओसरीवरूनच मी ॲमाविस पुन्हा सुरू केला. त्याच्या जन्माची वेळ पाहिली: संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटं. ताईंना मराठीत पत्र पाठवायला सांगितलं. ते आलं. शीर्षकात गुण ०.४, लागणारे ६.२, आणि भाषेचा नियम नाही.

मग अडकवून ठेवलेल्यांची कोठडी उघडली. मराठी विषयाची ६१ पत्रं होती. एकदम सोडून दिली असती तर त्यातलं खरं स्पॅमही गेलं असतं, म्हणून एकेक विषय वाचत बसलो. आईनं जेवायला दोनदा हाक मारली. शिष्यवृत्तीच्या कागदांची चौकशी, बोनाफाईड मागणारी एक पालक, निरोप समारंभाचं निमंत्रण. शेवटून तिसरं पत्र एका शिपाईदादांचं होतं, मुलीच्या लग्नासाठी आठ दिवसांची रजा मागणारं. मी ते सोडलं आणि तारीख पाहिली. लग्न तीन आठवड्यांपूर्वी होऊन गेलं होतं. ताईंना वेगळा फोन करून सांगितलं की शिपाईदादांचा अर्ज वेळेत आला होता, त्यावर आल्याची मूळ तारीख टाका.