उइदा गावचा अजगर

पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात, समुद्राजवळच्या उइदा गावात ख्रिस्ती बॅसिलिकासमोरच अजगरांचे मंदिर आहे. येथला रॉयल अजगर रंगाने काळा-तपकिरी आणि स्वभावाने गरीब. घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो. घरात शिरला तर लोक त्याला अलगद उचलून परत नेऊन सोडतात.

मग परदेशी बाजारात याच जातीचे पिवळे-पांढरे अजगर आले कुठून? रंग कोणी चढवलेला नाही. घाना, टोगो, बेनिनच्या रानात क्वचित एखादे पिल्लू वेगळ्या रंगाचे निघते. व्यापाऱ्यांनी ती हेरून विकली. १९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांच्याकडे पिंजऱ्यात पहिली पिवळी पिल्ले जन्मली. हा रंग आई-बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर पिल्लू तपकिरीच दिसते. म्हणून अनेकदा नात्यातच जोड्या लावल्या जातात.

'स्पायडर' नावाच्या नक्षीला मात्र खूप मागणी असली, तरी त्याच जनुकामुळे आतल्या कानाची घडण बिघडते. सापाचा तोल जातो, डोके थरथरते. पाहणारा नक्षीची तारीफ करतो. तो मुका जीव जन्मभर गरगरत राहतो.