शिल्लक

जालन्याच्या मोंढ्यात तीस वर्षं अडतीच्या वह्या लिहिल्या. कुणाचं किती देणं, हे पानावर बोट ठेवून सांगेन. एक देणं मात्र कोणत्या खात्यावर टाकावं, ते अजून उमगलेलं नाही.

लेक बाळंतपणाला माहेरी, अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी आली होती. बाळ तीन दिवसांचं असताना आशाताई नेमाच्या भेटीला आली. बाळंतिणीची खोली अंधारी. तिनं बाळाला दारातल्या उजेडात आणलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचललं. मग छातीवर, मांडीवर, शेवटी तळव्यावर.

"काका, पिवळेपणा तळव्यापर्यंत उतरलाय. आत्ताच हलवा."

"कोवळं ऊन दाखवलं की जाईल गं," आई म्हणाली.

"आजी, ऊन नंतर. आधी गाडी." १०२ला फोन तिनंच लावला.

जिल्हा स्त्री रुग्णालयात बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, १९ निघालं. लेकीचा रक्तगट ओ, बाळाचा बी. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं बाळाच्या तांबड्या पेशी फोडत होती. तशाही नवजाताच्या पेशी ६० ते ९० दिवसच टिकतात, आपल्या १२०. त्यात यकृत शिकाऊ. आवक जोरात, जावक मंद. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टातला आकडा ही नुसती शिल्लक. फुटलेल्या तांबड्या पेशींतल्या हीमचा एक रेणू मोडला की एक बिलिरुबिनचा आणि एक कार्बन मोनॉक्साईडचा तयार होतो. हा वायू श्वासातून बाहेर पडतो. तो मोजला, की आवक कळते. इथं तसं यंत्र नव्हतं. पुन्हा पुन्हा रक्त तपासून, दोन शिलकांमधल्या फरकावरून त्यांनी वेग ताडला. हे गणित माझ्या ओळखीचं होतं.

डोळ्यांवर पट्टी बांधून बाळ दोन दिवस निळ्या दिव्यांखाली होतं. या दिव्यांचं मूळ इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात. १९५६ साली सिस्टर वॉर्ड यांनी उन्हात नेलेल्या एका बाळाचं अंग निवळलं, चादरीखालचा तुकडा तेवढा पिवळा राहिला. म्हणजे आई अगदीच चुकली नव्हती. पण एवढ्या काविळीला अंगणातलं ऊन पुरणारं नव्हतं, आणि उशीर झाला असता तर विष मेंदूत उतरलं असतं.

चौदाव्या दिवशी आशाताई आली. मी पाकीट पुढं केलं. तिनं ते बाजूला सारलं आणि बाळाचं नाक दाबून पाहिलं.

नात आता शाळेत जाते. कुणाकडे बाळ बघायला गेलो, की मी त्याला दारात नेतो, नाकावर हळूच बोट टेकवतो. म्हातारा लाड करतोय, असं लोकांना वाटतं. वाटू दे.