आयती चित्रे व आपली चित्रे

हल्ली कोणत्याही विषयावर चार शब्द बोलावयाचे झाले, तर केवळ खडू व फळा यांवर भागत नाही. भिंतीवर पडदा हवा, प्रोजेक्टर हवा, आणि त्या पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या स्लाइड्स हव्यात. मेहरूणची आमची मुलेही या कामात चांगलीच तरबेज झाली आहेत. आठवीतील विद्यार्थी घटकाभरात वीस स्लाइड्स जुळवून आणतो. त्याच्या या चपळाईचे आम्हांस खरोखर कौतुक वाटते. तथापि त्या वीस स्लाइड्स पाहून झाल्यावर मनात एक प्रश्न उरतो, तो असा की, या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असे त्यांत काय आहे?

प्रदर्शनासाठी 'आमचा परिसर' हा विषय दिला होता. मुलांनी जे आणिले ते पाहून आम्ही थक्क झालो. मेहरूणच्या तलावाकाठी सूचिपर्णी वृक्षांची रांग उभी होती व पाण्यात पांढरे राजहंस विहार करीत होते. बोरांसाठी आपले मेहरूण प्रसिद्ध. परंतु फळांच्या स्लाइडवर लालभडक सफरचंद विराजमान झाले होते. केळीचे झाड होते, पण त्याच्या घडातील केळी टोके खाली करून लोंबत होती. ते चित्र पडद्यावर येताच मागच्या बाकावरील एक मुलगा मोठ्याने हसला. त्याचे वडील केळीच्या बागेत घड कापण्याचे काम करितात. "काय रे, हसावयास काय झाले?" असे विचारिताच तो उभा राहून म्हणाला, "सर, केळं असं खाली नाही वळत. फणीतलं प्रत्येक केळं वर वळतं. खाली लोंबतं ते केळफूल." मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जळगावच्या केळीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच जळगावच्या शाळेत केळीचे चित्र मात्र ज्याने कधी केळीची बाग पाहिली नसावी अशा कोणाच्या तरी हातचे!

यात मुलांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्यास क्लिपआर्ट म्हणतात, ती आयती चित्रांची पेढी परदेशात तयार झाली. पॉवरपॉइंट हे साधन 1987 साली अमेरिकेत रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन व त्यांचे सहकारी यांनी निर्मिले. प्रथम ते मॅकिन्टॉश संगणकासाठी होते, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. पुढे त्यास जोडून जी हजारो चित्रे मिळू लागली, त्यांत घर म्हटले की धुराडे आले व झाड म्हटले की नाताळचे झाड आले. ते त्यांच्यापुरते स्वाभाविकच होय. 2014 च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने आपला तो ऑनलाइन संग्रह बंद केला. पण मुले आता इंटरनेटवर शोध करून तशीच चित्रे उचलितात. पेढी बदलली, नाणे तेच राहिले.

एका मुलीने 'माझे घर' म्हणून असेच धुराड्याचे, बर्फाच्छादित छपराचे घर लाविले होते. आम्ही तिला बाजूस घेऊन विचारिले, "बाळ, तुझे घर असे आहे का?" ती काही वेळ खाली पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, आमचं घर पत्र्याचं आहे. ते चित्रात चांगलं दिसत नाही."

या उत्तरावर भाषण करण्याचा मोह आम्ही आवरला, व तिच्याजवळ संगणकापुढे बसलो. पुष्कळ आयती चित्रे ही एकसंध नसतात. निरनिराळे तुकडे एकत्र बांधून ती केलेली असतात. चित्रावर उजवी कळ दाबून ते प्रथम 'शेप'मध्ये बदलावे व मग 'अनग्रुप' करावे, म्हणजे गाठ सुटते. भिंत निराळी, दार निराळे, छप्पर निराळे होते. छायाचित्रासारख्या चित्रास मात्र ही युक्ती लागू पडत नाही. मुलीने धुराडे काढून टाकिले. बर्फ पुसले. छपरास राखी रंग देऊन त्यावर पत्र्याच्या उभ्या रेघा ओढिल्या, आणि वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून जे दगड ठेवितात तेही एकेक करून ठेविले. दारापुढे निंबाचे झाड आले. प्रदर्शनाच्या दिवशी तिची आई आली होती. ती माउली पडद्याच्या अगदी जवळ गेली, छपरावरील दगड बोटाने मोजिले व मुलीकडे वळून म्हणाली, "एक कमी आहे गं."

येथे कोणी विचारील की, मग घराचा फोटोच का काढू नये? काढावा की! परंतु फोटोत घराबरोबर विजेची तार, वाळत घातलेले कपडे व शेजाऱ्याची मोटारसायकलही येते. चित्रात काय ठेवावे व काय गाळावे हे मुलास ठरवावे लागते. आणि ठरविण्यासाठी आधी नीट पाहावे लागते.

टेम्पलेटविषयी थोडक्यात लिहितो. आयत्या टेम्पलेटमध्ये मजकुरापेक्षा वेलबुट्टी अधिक असते. 'स्लाइड मास्टर' उघडून तेथे एकदाच रंग, अक्षर व शाळेचे चिन्ह ठरवून दिले, म्हणजे त्यावर बेतलेल्या सर्व स्लाइड्सना ते लागू होते. वीस वेळा तेच काम करावे लागत नाही. अक्षर मात्र युनिकोडचेच निवडावे. एकदा बाहेरगावी एका स्पर्धेत एका विद्यार्थ्याचे सुंदर मराठी पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक खिचडा होऊन उमटले; कारण त्याने वापरिलेला जुन्या पद्धतीचा फॉन्ट तेथील संगणकात नव्हता. बिचाऱ्याने सारे भाषण पडद्याकडे पाठ करून केले, व चांगलेच केले.

आता उरले अ‍ॅनिमेशन. मुलांचा सर्वांत लाडका विषय हाच. शीर्षक गिरक्या घेत येते, प्रत्येक ओळ उडत येते, आणि मध्येच टाळ्यांचा कडकडाट होतो, जरी टाळी कोणीच वाजविलेली नसते. अशा वेळी आम्ही मुलांस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांची गोष्ट सांगतो. त्यांनी 1892 साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबर हा मायावी असुर, त्यावरून हे नाव. काचेच्या लहान लहान पट्ट्यांवर हातांनी चित्रे रंगवून, पुत्रांच्या साहाय्याने ते रामायण-महाभारतातील प्रसंग पडद्यावर दाखवीत. स्थिर चित्रांतून हालचाल भासविण्यासाठी काचा भराभर बदलाव्या किंवा एकीवर दुसरी सरकवावी लागे. म्हणजे हात उचललेला दाखवावयाचा तर तो हात पुन्हा रंगविणे आले. जेथे प्रत्येक हालचालीस इतके श्रम पडतात, तेथे निष्कारण हालचाल कोण करील? आज बोट दाबताच अक्षरे नाचतात, म्हणून ती नाचविली जातात, इतकेच.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट 1913 सालचा. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस टिपिली, व ती सलग चालविली. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत रोप वर आले. हालचालीवाचून जे कळलेच नसते, ते तेथे हालचालीने कळले.

हा प्रयोग आम्ही मुलांकडून करवून घेतला. केळीचे पीक हाती येण्यास अकरा-बारा महिने लागतात, तेवढा धीर शाळेच्या वर्षात नाही. म्हणून त्या केळीवाल्या मुलाने निसवणीपासूनची चित्रे काढावीत असे ठरले. वडिलांबरोबर बागेत जाऊन, एकाच जागी उभे राहून, त्याने केळफूल बाहेर पडल्यापासून फण्या उघडेपर्यंतचे फोटो घेतले. स्लाइड्स आपोआप पुढे सरकतील अशी वेळ लाविली. न उडणारी अक्षरे, न टाळ्या. पडद्यावर फण्या एकामागून एक उघडत गेल्या, आणि खाली वळलेली कोवळी केळी हळूहळू वर वळू लागली. वर्ग चिडीचूप होता. तो मुलगा पुढे उभा राहून फणी म्हणजे काय, केळफूल केव्हा मोडावे, हे सांगत होता, आणि बागाईतदारांची मुले त्याला प्रश्न विचारीत होती.

त्यानंतर आमच्या मुलांनी आपलीच एक चित्रपेढी काढिली आहे. दादर ज्वारीचे कणीस, भरताचे वांगे, तलावावरचा बगळा, पत्र्याचे घर, वर वळलेली केळी, अशी चित्रे तीत जमा झाली आहेत. ज्यास हवे त्याने घ्यावे व आपल्यापरीने बदलावे. मेहरूणच्या बोराचा रंग बराच साधला आहे. कळण्याची भाकरी मात्र अद्याप कोणास जमलेली नाही. कितीही यत्न केला तरी पडद्यावर ती ग्रहण लागलेल्या चंद्रासारखीच दिसते.