भाग्यपत्रिका

१
सोलापूरच्या नवी पेठेतल्या खेळाच्या दुकानात ऑगस्टअखेर कॉलेजची पोरं बनियनवर नंबर छापून घ्यायला येतात. दुकानदार विचारतो, "मॅच कधी हाय?" "सर सांगतील."

२
बाद पद्धतीत संघांपेक्षा सामने एकाने कमी. १६ संघ, १५ सामने. एकेरी साखळीत त्याच १६ संघांचे १२० सामने होतात. यजमान कॉलेजकडे मैदान दोन दिवस, पंच मोजके. म्हणून बाद पद्धत.

३
मुलांचा कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा. पहिल्या फेरीत हरलेल्या संघाचा मोसमही तेवढाच.

४
२३ संघ आले तर ९ जणांना पुढे चाल.

५
बलाढ्य संघ लवकर भिडू नयेत म्हणून मानांकन देतात. समजा, सोलापूरचे दयानंद कॉलेज भाग्यपत्रिकेच्या, म्हणजे सामन्यांच्या जोड्या मांडलेल्या कागदाच्या, वरच्या अर्ध्यात आणि संगमेश्वर कॉलेज खालच्या. मग त्यांची गाठ अंतिम सामन्यात, तीही दोघे तिथवर पोचले तर. एक जरी उपांत्य फेरीत हरला, तरी सगळ्या गावाला बघायचा असलेला सामना त्या वर्षी होत नाही. भाग्यपत्रिका विजेता शोधायला उत्तम आहे. जुनी चुरस जपणे तिच्याकडून होणार नाही, ते माणसांनीच करायला हवे.

६
दयानंद कॉलेज १९४० चे. तेव्हा मुंबई विद्यापीठ. १९४९ पासून पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, २००४ पासून सोलापूर. कॉलेज सोलापुरातच राहिले, प्रतिस्पर्धी मात्र दर वेळी बदलले.

७
२००४ पूर्वी सोलापूर विभागातून जिंकलेला संघ आंतरविभागीय स्पर्धेला जायचा. समोर कोल्हापूर, सांगली, सातारा. कोल्हापूरकरांना त्यांच्या मातीत हरवून आलेल्या संघाचे गावात वर्षभर नाव निघे.

१ ऑगस्ट २००४ ला सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले, एकाच जिल्ह्यापुरते. ते व्हायलाच हवे होते. आधी चार जिल्ह्यांतून मिळून एक संघ निवडला जाई. आता माळशिरस-सांगोल्याच्या पोरापोरींना विद्यापीठाचा कलर, म्हणजे संघात जागा, मिळण्याची वाट जवळची झाली. पण सोलापूर-कोल्हापूर ही दरसालची गाठ त्याच दिवशी गेली. आता दोन विद्यापीठांचे संघ भेटले तर पश्चिम विभागाच्या स्पर्धेत. तिथे गुजरात आणि राजस्थानचेही संघ असतात, आणि पुन्हा भाग्यपत्रिका.

८
अशीच एक गाठ अमेरिकेतही तुटली. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठे १८९४ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळत. २०१२ मध्ये ए अँड एम दुसऱ्या गटात गेले आणि २०११ नंतर हा सामना थांबला. २०२४ मध्ये टेक्सासही त्याच गटात आले. ३० नोव्हेंबरला सामना झाला. मध्ये तेरा वर्षे गेली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या तो न पाहताच पदवी घेऊन गेल्या.

९
सोलापुरात सर्वात जास्त पाऊस सप्टेंबरात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा. जानेवारीत होम मैदान गड्ड्याच्या जत्रेचे, आणि ते जत्रेचेच असावे. मार्चपासून पुन्हा परीक्षा, मग चाळिशीपार ऊन. सामन्यांना मोकळा उरतो तो डिसेंबर आणि फेब्रुवारीचे काही दिवस.

१०
करमाळ्याच्या संघाला सकाळी आठचा सामना देऊ नये. पहाटेची एसटी धरून आलेली मुले पहिल्या चढाईआधीच थकलेली असतात. दूरच्यांना दुपारची वेळ द्यावी. कागदावर एवढा बदल करायला काहीच लागत नाही.

११
पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून. कॉलेजातली नाटकवाली मुले जूनपासूनच त्या तारखांच्या हिशेबाने तालमी बांधतात.

१२
ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा पहिला क्रिकेट सामना १८२७ चा, पहिली होड्यांची शर्यत १८२९ ची. या शर्यतीला कोणतीही भाग्यपत्रिका लागत नाही. हरणाऱ्याला पुढचे वर्ष ठाऊक असते.

१३
सोलापूर आणि कोल्हापूरच्या कुलगुरूंना विनंती. भारतीय विश्वविद्यालय संघाचे वेळापत्रक समोर ठेवून दरसाल एक शनिवार निवडा. कबड्डी आणि खो-खो, मुलांचा एक सामना, मुलींचा एक. एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. करंडक नसला तरी चालेल. तारीख मात्र जूनमध्येच जाहीर करा.