बोईसरच्या पश्चिमेला

डहाणूपर्यंत लोकल 2013 मध्ये सुरू झाली आणि बोईसर मुंबईच्या उपनगरांत जमा झालं. स्टेशनाबाहेर शेअर रिक्षांची रांग, तिच्यामागे टॉवर, टॉवरच्या तळमजल्यावर जिम नाहीतर कॅफे, आणि दर फलकावर बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदराच्या नावाने फ्लॅट घ्यायचं आवताण. संध्याकाळी एमआयडीसीची पाळी सुटली की रस्त्यावर भोजपुरी, ओडिया, गुजराती आणि मराठी एकदमच ऐकू येतात. हे पाहून जाणकारही सांगतात, की बोईसर कालचं गाव, बाहेरच्यांनी वसवलेलं, त्याला कसला आलाय इतिहास! हे म्हणणं मुळातच चुकीचं आहे. बाहेरून माणूस येणं हाच या किनाऱ्याचा हजार वर्षांचा इतिहास आहे. बोईसर ही त्याची आजची वस्ती, एवढंच. पुरावा हवा असेल तर पास्थळवरून तारापूर-चिंचणीचा रस्ता धरावा.

चिंचणीला बहुतेक लोक समुद्रावर जातात, सुरूच्या बनात फोटो काढतात आणि परततात. पण या गावाची खरी दौलत म्हणजे 1955 मध्ये इथे सापडलेले ताम्रपट. त्यातला एक शके 848चा, म्हणजे इसवी सन 926चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाणचा हा सगळा मुलूख तेव्हा राष्ट्रकूटांच्या वतीने सांभाळत होता मुहम्मद नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं. देवीच्या एका मठिकेला, म्हणजे लहान मठाला, जमीन मिळते ती या अरबाच्या हातून, कानडी राजाच्या संमतीने. शिवाय त्याने दोन नद्यांवर फुकट होड्या चालवल्या आणि संजाणला अन्नछत्र घातलं. तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. इतिहासकार म्हणतील, ताम्रपटातली स्तुती शब्दशः घेऊ नये. ‘दिग्विजयी’, ‘दानशूर’ ही विशेषणं खुशाल सोडून द्यावीत. पण होडी आणि तूप ही स्तुतिपाठकाची ठरावीक भाषा नाही. लिहिणाऱ्याला नेमकी सोय नोंदवायची होती, असंच मानावं लागतं.

खाडी ओलांडली की तारापूर. इथल्या किल्ल्यासाठी जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांशी निकराची झुंज दिली आणि बाजी भिवराव रेठरेकर इथेच पडले. वसईच्या वेढ्यापुढे ही लढाई उगाच झाकोळली जाते. मात्र आपल्या मुद्द्याला त्याहून जवळची आहे ती पुढची गोष्ट. पेशवाईच्या अखेरीस हा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थाला इनाम मिळाला. विकाजी आणि त्याचा भाऊ पेस्तनजी यांनी कोकणातल्या जकातीचे मक्ते घेतले, वऱ्हाडचा कापूस घाट उतरवून मुंबईला नेला आणि अखेर ते निजामाचे सावकार झाले. औरंगाबादच्या टांकसाळीतला ‘पेस्तनशाही’ रुपया पेस्तनजीच्याच नावाचा. त्या घराण्याची अग्यारी तारापुरात आहे, आणि तारापूरवरून आलेलं तारापोरवाला हे आडनाव मुंबईत मरीन ड्राइव्हच्या मत्स्यालयाला मिळालं. त्या काळी तारापूर हीच इथली नव्या पैशाची वस्ती होती. मग रेल्वे आली ती किनारा सोडून आतून, आणि बाजार हळूहळू रुळांकडे सरकला. ऑक्टोबर 1969 मध्ये तारापूरला अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्यांनी व्यावसायिक पातळीवर वीज द्यायला सुरुवात केली, शेजारी एमआयडीसी वाढली आणि बोईसर फुगलं. मक्ता, गाडी, कारखाना अशी साधनं बदलत गेली. बाहेरचं भांडवल आणि बाहेरची माणसं मात्र प्रत्येक वेळी होतीच.

यावर एक आक्षेप सहज बाजूला सारता येणार नाही. हजार वर्षांची परंपरा सांगितली की आजचं सगळंच पदरात घालून घ्यायचं का? तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. एमआयडीसीचं सांडपाणी खाडीत जातं आणि मच्छीमाराच्या जाळ्यात मासळी येत नाही. वाढवण बंदराचं भूमिपूजन 2024 मध्ये झालं, ते किनाऱ्यावरच्या वर्षानुवर्षांच्या विरोधाला न जुमानता. आक्षेप रास्तच आहे, पण त्याचा रोख बाहेरून येण्यावर नाही. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या ओडिया कामगाराने पोफरण उठवलेलं नाही. ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांनी इथल्या माणसासाठी काय केलं, हा खरा प्रश्न. त्याची जुनी मोजपट्टी चिंचणीच्या पत्र्यावरच कोरलेली आहे. मधुमती परका होता, परधर्मी होता, आणि तरीही त्याच्या नावापुढे लोकांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी लिहाव्या लागल्या. वाढवणच्या करारात मच्छीमाराच्या नावापुढे नक्की काय लिहिलंय, हे वाढवण, वरोर आणि धाकटी डहाणूच्या लोकांनी विचारावं. बोईसरच्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्यांनीही तोच प्रश्न विचारावा, कारण आता तेही या किनाऱ्याचेच आहेत.