दुधाळ बाटलीचं निदान

चि. सौ. अनघा हिस,


फोटो पाहिला. साबण ताकासारखा दिसतोय खरा, पण वैतागून मोरीत ओतून देऊ नकोस. आणि वर्गातल्या कुणी सांगितलं म्हणून स्पिरिट, साखरेचा पाक, ग्लिसरीन असं एकेक त्यात ढकलूही नकोस. त्यांनी साबण स्वच्छ दिसायला मदत होते हे खोटं नाही, पण बिघाड नेमका कुठे आहे ते मग कळतच नाही.

आधी तुझा हिशोब बघू. 900 ग्रॅम खोबरेल आणि 100 ग्रॅम कोकमतेल. खोबरेलाला किलोमागे सुमारे 257 ग्रॅम आणि कोकमतेलाला सुमारे 190 ग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतं. म्हणजे 231 आणि 19, मिळून 250. तू बरोबर 250 ग्रॅम घातलंस. आकडेमोड चोख आहे, फक्त हा आकडा शंभर टक्के शुद्ध पोटॅशचा आहे. बाजारात मिळणारं साधारण 90 टक्क्यांचं असतं, बाकीचं बहुतेक पाणी. त्या हिशोबाने 278 ग्रॅम हवं होतं. शिवाय तुझी बरणी पावसाळ्यात उघडी-मिटी होत होती. पोटॅश हवेतला ओलावा ओढतं, कार्बन डायऑक्साइडही ओढतं आणि हळूहळू मवाळ होत जातं. तेव्हा दहातला एक वाटा तेल साबण न होता तसंच राहिलंय. द्रवसाबणात दोन-तीन टक्के जादा तेल कसंबसं खपतं, दहा टक्के नाही.

पण एवढंच कारण आहे असं धरून चालू नकोस. पातळ न केलेल्या साबणाच्या लगद्यातला 30 ग्रॅम तुकडा 60 ग्रॅम उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळव (बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच). दुसऱ्या ग्लासात तेवढाच लगदा, पण तुमच्या बोअरच्या पाण्यात. पहिला गरम असतानाच दुधाळ दिसला तर तेल उरलंय. गरम असताना स्वच्छ आणि गार झाल्यावर धूसर झाला, तर दोष कोकमतेलाचा. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि त्याचा साबण गार पाण्यात नीट विरघळत नाही. सासूबाईंनी कुडाळहून प्रेमाने पाठवलंय हे समजतं, पण ते ओठांना आणि टाचांना लाव, या साबणात नको. आणि पहिला ग्लास स्वच्छ, दुसराच गढूळ, तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा चोथा करतं, बालदीच्या कडेला बसतो तोच.

तेल उरलं असेल तर उपाय आहे. तू थोडाच लगदा पातळ केलायस, बरंच झालं. उरलेल्या लगद्याच्या प्रमाणात राहिलेलं पोटॅश काढ (सगळा लगदा असता तर 28 ग्रॅम), दुप्पट पाण्यात विरघळव, गरम लगद्यात घालून मंद आचेवर पुन्हा शिजव. पोटॅश पाण्यात घालायचं, पाणी पोटॅशवर नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालणार नाही, स्टीलचंच घे. डोळ्यांवर चष्मा हवाच, यात हयगय नको.

आता खरं सांगायचं ते. बाटली आरपार दिसली की सगळे खूश होतात, पण क्षार जास्त झालेला साबणही छान आरपार दिसतो. उलट तेल उरलेला दुधाळ साबण हाताला काही करत नाही. डोळ्यांना आवडणारी बाटलीच कातडी सोलू शकते, म्हणून शिजवून झाल्यावर लगद्याचा कण स्पिरिटमध्ये विरघळवून (गॅसपासून लांब!) फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाक. फिकट गुलाबी चालेल. गडद गुलाबी झालं तर क्षार उरलाय. मग लिंबूसत्त्वाचं द्रावण गरम साबणात थेंबाथेंबाने घाल. घाई केलीस तर आम्ल साबणच फोडेल आणि पुन्हा दुधाळ होईल.

पातळ वाटतो म्हणून मीठ घालू नकोस. खोबरेलाच्या साबणाला त्याने दाटपणा येत नाही. पातळच राहू दे, फेसाच्या पंपाच्या बाटलीत भर. सुगंधी तेलही आधी छोट्या बाटलीत घालून बघ, काही तेलांनी स्वच्छ साबण लगेच धूसर होतो. पुरता पातळ केलेला साबण आठ-पंधरा दिवस हलवू नकोस, बारीक कण आपोआप तळाशी बसतात. वरचा निथळून घे.

इतकं करून साबण उत्तम झाला तरी त्याचा पीएच 9 ते 10 च्या आसपासच राहणार, कारण त्याहून खाली नेलं की तो साबण राहत नाही. तेव्हा हात धुवायला, भांडी घासायला खुशाल वापर, पण बाळाच्या अंघोळीला नको.

तुझी,
मावशी