मरायचंच तर मारून?

दादर,
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय भाचेबुवा,


भाऊबीजेच्या दिवशी भांडण नको म्हणून गप्प बसलो. ताई ओवाळायला ताट घेऊन उभी, आणि तू रिमोट सोफ्यावर आपटून म्हणालास, "मामा, असल्या विकेटवर मरायचंच आहे, तर मारून मरायचं!" ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. फोन केला असता, पण तू कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, नुसता अंगठा पाठवून मोकळा होऊ नकोस.

आधी तुझ्या बाजूचं बोलतो. न्यूझीलंडविरुद्ध शेवटच्या कसोटीत जिंकायला हव्या होत्या १४७, आणि त्या कमी नव्हत्या. वानखेडेवर चौथ्या डावात कुणी पार केलेलं सगळ्यात मोठं लक्ष्य १६३, तेही २००० साली दक्षिण आफ्रिकेनं आपल्याविरुद्धच. चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळत होता. आणि पंतनं ५७ चेंडूंत ६४ ठोकले नसते तर १२१ तरी कुठले व्हायला? पंतबद्दल माझी तक्रारच नाही. तो पुढे येऊन मारतो, कारण चेंडू कुठे पडणार ते त्याला आधी दिसतं. तू त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांची वकिली करतोस, तिथे आपलं बिनसतं.

बाकीच्यांनी काय केलं? रोहितनं हेन्रीला पुल मारायला जाऊन फिलिप्सला झेल दिला. सर्फराझनं फुलटॉस स्वीप केला तो थेट सीमेवर रवींद्रच्या हातात. अरे, फुलटॉस! त्याला टप्पाच नाही, तो वळणार कुठून? गिलनं चेंडू सोडला आणि मागे स्टंप गेला. म्हणजे सोडायचा कुठला हेही आता कळेनासं झालंय. २९ वर ५. ताई म्हणाली, "आत्ताच तर आपली बॅटिंग सुरू झाली होती ना रे?" तू हसलास. आणि शेवटी अश्विन! ज्याच्या नावावर कसोटीत शतकं आहेत तो माणूस, २६ हव्या असताना, रिव्हर्स स्वीप करायला जातो? १२१ वर तो गेला, १२१ वरच आकाशदीप, १२१ वरच वॉशिंग्टन. खेळ खल्लास, २५ धावांनी.

बरं, हे एका दिवसाचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत तू बघितलं नसशील. पहिल्या डावात १ बाद ७८ वरून ४ बाद ८४. जैस्वाल रिव्हर्स स्वीपवर गेला, सिराज पहिल्याच चेंडूवर, आणि दिवस संपत आलेला असताना कोहली चोरटी धाव घ्यायला पळाला नि धावबाद. बेंगळुरूला ४६ मध्ये गुंडाळले गेलो, पुण्याला सँटनरनं तेरा बळी नेले. वानखेडेवर सँटनरही नव्हता, विल्यमसन तर अख्ख्या मालिकेत नव्हता. तरी ०-३. घरच्या तीन कसोट्यांच्या मालिकेत सगळ्या हरण्याची ही पहिलीच वेळ, आणि तू मला शौर्य सांगतोस.

तू तेव्हा रांगत होतास. मार्च १९८७, बेंगळुरू, पाकिस्तान. हव्या होत्या २२१. खेळपट्टी इतकी खराब की इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमदनं सामन्यात नऊ-नऊ गडी काढले. तिथे सुनील गावसकर पाच तासांहून अधिक उभा राहिला आणि ९६ काढल्या. शेवटचा कसोटी डाव त्याचा. तो चेंडूवर बॅट घेऊन जायचाच नाही. चेंडू येईपर्यंत थांबायचा. बॅट पॅडच्या पुढे, वरचा हात घट्ट, खालचा सैल, म्हणजे कड लागली तरी चेंडू पायाशीच मरतो. जास्त वळला तर बीट व्हायचा, आणि पुढच्या चेंडूला पुन्हा तसाच उभा. बीट होण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. भाऊजींनी त्या दिवशी रजा टाकली होती. संध्याकाळी रेडिओचं काय झालं ते ताईला विचार. हो, हरलोच आपण, १६ धावांनी. पण ते हरणं आणि हे हरणं तू एका पंगतीला बसवू नकोस.

हे असं उभं राहणं येतं कुठून? मैदानातून. १९४८ पासून मुंबईत कांगा लीग भर पावसाळ्यात खेळतात. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, एक चेंडू छातीवर येतो, दुसरा घोट्याशी. तिथे वीस धावा काढणाऱ्याला लोक नावानिशी ओळखायचे. आता सप्टेंबरात दुलीप करंडक झाला तेव्हा रोहित, कोहली, अश्विन विश्रांती घेत होते. मोठ्या माणसांनी सराव कुठे करावा हे मी कोण सांगणार! पण एजाझ पटेल बघ. आपल्याच मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. २०२१ ला वानखेडेवर एका डावात दहाच्या दहा, आता सामन्यात अकरा. टप्पा सोडत नाही पठ्ठ्या. थांबायचं कसं ते इथून जाऊन त्याला आठवतं, आणि इथे राहून आपण विसरतो.

असो. खरं तर मला क्रिकेटचं नाही, तुझ्या चिरंजीवांचं सांगायचंय.

जेवण झाल्यावर त्यानं मला गच्चीवर नेलं. बॅट अशी धरतो की खालच्या हाताची बोटं पांढरी पडतात. मी मुद्दाम एक लांब बाहेर टाकला, म्हटलं, "हा सोड." अंग गेलंच त्याचं चेंडूमागे. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "मामाआजोबा, सोडला तर सर ओरडतात." दहा वर्षांचं पोर रे ते! अकादमीची फी ताईनं सांगितली, त्याबद्दल मी बोलत नाही. तू त्याच्या सिक्सरचे व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवतोस, त्याबद्दलही नाही. पण मागच्या सामन्यात शून्यावर गेला तेव्हा रात्री जेवला नाही म्हणे. हे तू मला का नाही सांगितलंस? आणि ते तुला माहीत असताना तू पोरासमोर म्हणतोस, मरायचं तर मारून?

त्या सरांशी एकदा बोल. भांडू नकोस, नुसतं बोल. आणि रविवारी सकाळी साडेसहाला त्याला शिवाजी पार्कात आणून सोड. मी अंडरआर्म टाकीन, तो नुसते तटवेल, मग आम्ही मिसळ खाऊ. पॅड आण, हेल्मेट नको. तू मात्र थांबू नकोस. तू कडेला उभा राहून "मार, मार" ओरडतोस.

ताईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, तेवढ्या आण.

तुझा,
मामा